टोक सापडलं नाही

६ फेब्रुवारी

प्रिय बुटके,

नव्या घराचा पत्ता पाकिटाच्या मागे लिहिलाय. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे दिवसभर घंट्या वाजतात. मला पडद्यांच्या दुकानात काम मिळालं. इथे सगळं जाडंभरडं, सोळा नंबरच्या सुईशिवाय बात नाही. आठ वर्षं तुझ्या शेजारच्या मशीनवर बसून बोटभर बाह्यांची झबली शिवली, आता दोन माणसांच्या उंचीचे पडदे शिवते. तुला इथे कुणी ठेवणार नाही, तू पडद्यातच हरवशील.

त्या दिवसाबद्दल लिहायचं नव्हतं, पण लिहिल्याशिवाय पत्र पुढे सरकत नाही. दवाखान्याच्या बाकावर मी तुझ्यासाठी रुमाल टाकून जागा धरली होती. अकरापर्यंत रुमाल तिथेच होता. मग आतून माझी हाक आली. तुझ्या भाऊजींनी तो रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि बाहेर पडल्यावर माझ्या हातात दिला.

मी रागावलेली नाही. दोघींना एकाच आठवड्यात दिवस राहिल्याचं कळलं, दोघींनाही नको होतं, हात धुण्याच्या जागी उभं राहून दोघींनी एकत्र जायचं ठरवलं. ठरवलेलं मोडायचा तुला हक्क आहे. फक्त तू का आली नाहीस ते सांग, म्हणजे मी मनातल्या मनात कारणं शोधायची थांबेन.

तुझी ताई

१५ फेब्रुवारी

ताई,

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, मोडक्या सुईच्या फॉर्मच्या मागच्या बाजूला. दुसरा कागद नव्हता. पत्र इथे कारखान्याच्याच पत्त्यावर पाठव, सुईखोलीतल्या बाई मला आणून देतील. घरी फोन पुढच्या खोलीत असतो आणि सासूबाईही पुढच्या खोलीतच असतात.

त्या दिवशी माझ्या थोरलीला ताप होता म्हणून आले नाही. दुसरं काही नाही.

आता तू सांग. माझी आई रोज विचारते तुझं कसं आहे. तिच्या ओळखीतली कुणीतरी पिशवी साफ करून आली आणि वर्षाच्या आत तिच्या डोक्यावर परिणाम झाला, रस्त्यातल्या पोरी आपल्याच म्हणून घरी आणायला लागली, असं आई सांगते. तिने मला बजावलंय, ताईवर लक्ष ठेव. तुला झोप लागते का? रडण्याचा आवाज येतो का? आपल्या कारखान्यातली झबली आठवतात का? माझ्यापासून लपवू नकोस.

मी मूल ठेवतेय. घरी सगळे खूश आहेत.

तुझी धाकटी

२ मार्च

प्रिय बुटके,

मावशीला सांग, तिच्या भाचीने अजून कुणाची पोर उचलून आणलेली नाही. तिचा मला एक दिवसाआड फोन येतो. ‘जेवलीस का’ असं विचारते आणि मग मी चमचा नीट वाजवते का ते ऐकत बसते. लेक कॉलेजच्या वसतिगृहातून फोन करते, तीही आडून आडून विचारते. सगळ्यांनी मला काचेच्या भांड्यासारखं फडताळात ठेवायचं ठरवलंय.

तू विचारलंस म्हणून सांगते. हो, कधीतरी रडते. संध्याकाळी दुकान बंद करताना जरा भरून येतं. झोपही पूर्वीसारखी नाही. पण होईल ठीक. माझी काळजी करू नकोस, स्वतःची कर. आंबट काही खावंसं वाटतंय की नाही?

ठेवायचं ठरवलंस ते मनापासून ठरवलं असशील तर मी खूश आहे.

तुझी ताई

२२ जुलै

ताई,

एवढे महिने लिहिलं नाही. तुझी सगळी पत्रं मिळाली, कामाच्या पेटीत आहेत. पोट मशीनला लागतं म्हणून बाईंनी मला सुईखोलीत बसवलंय. मोडकी सुई घ्यायची, तिचे सगळे तुकडे कार्डावर चिकटवलेत का बघायचं, जुळवून पूर्ण सुई होते का बघायचं, सही करायची, मग नवी द्यायची. तुकडा कमी असेल तर तो गठ्ठाच्या गठ्ठा बाजूला. मला हे काम आवडतं. सगळे तुकडे आहेत हे आपल्याच डोळ्यांनी दिसतं.

पुढच्या आठवड्यापासून रजा. मग पत्रं बाई घरी आणून देतील, त्यांचा रस्ता आमच्यावरूनच जातो. सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येत नाही, पण ‘पिशवी साफ’ वगैरे शब्द लिहू नकोस.

आता दिवस जवळ आले. थोरलीच्या वेळी मी तीन महिने, जाऊ दे. ते काही सांगण्यासारखं नाही. सगळ्याच बायकांना थोडंफार होतं म्हणतात.

तुला अजून रडू येतं का ते लिही. मी रोज विचार करते की त्या दिवशी मी आले असते तर आज तुझ्यासारखी रडत असते. तेवढाच मला आधार आहे.

तुझी धाकटी

२६ सप्टेंबर

ताई,

चार तारखेला मुलगी झाली. सगळे म्हणतात माझ्यावर गेली. मला ती कुणासारखीच वाटत नाही.

मी बरी आहे. घरात एक रजिस्टर सुरू केलंय. सुया अकरा, टाचण्या चोवीस, सेफ्टी पिना नऊ, कात्र्या दोन, सुऱ्या तीन. सकाळी मोजते, दुपारी मोजते, दिवे लागल्यावर मोजते. मोजून डब्यात घालते आणि डबा कपाटाच्या वर, थोरलीच्या जुन्या दप्तरामागे. वर पोचायला मला स्टूल लागतं, म्हणून मुद्दाम तिथे. गॅलरीचं दार नाडीने बांधलंय, सात गाठी. आंघोळ सासूबाई घालतात. माझे हात ओले असले की निसटतं म्हणून मीच सांगितलं.

हे म्हणतात आई झाल्यावर तू फारच व्यवस्थित झालीस.

तुझं कसं आहे?

तुझी धाकटी

३ ऑक्टोबर

प्रिय बुटके,

आधी मुलीला एक पापा आणि तुला दोन चापट्या. तीन आठवडे तुझं पत्र नाही, बातमी आधी बाईंकडून कळते होय!

तुझं रजिस्टर वाचून मी दुकानात एकटीच हसत बसले. मालकीणबाईंनी विचारलं काय झालं. म्हटलं, माझ्या बहिणीच्या अंगात सुईखोली शिरली आहे, आता ती घरच्या सुयांवर सही घेतल्याशिवाय बटण लावू देत नाही. सात गाठी कशाला गं? बाळंतिणीने एवढं वाकायचं नसतं. सासूबाई आंघोळ घालतात हे बरं आहे, तेवढीच तुझी पाठ सुटते. त्यांच्याकडून घे करून, मिळतंय तोवर.

माझं बरं आहे.

तुझी ताई

१४ ऑक्टोबर

ताई,

सोबत कार्ड पाठवतेय. नीट उघड.

परवा घरच्या मशीनवर दुपट्याच्या कडा शिवत होते. अकरा नंबरची सुई. ती मोडली. मुलगी माझ्या शेजारी पाळण्यात होती. मशीन थांबवलं, सुईखालची पट्टी काढली, चुंबक फिरवलं. दोन तुकडे मिळाले, ते चिकटवलेत. तू स्वतः जुळवून बघ. टोक सापडलं नाही.

जमीन चार वेळा झाडली. पाळण्याची गादी उसवली. मुलीचे सगळे कपडे, सगळी दुपटी गाठोड्यात बांधून दाराबाहेर ठेवली. ती सध्या थोरलीच्या जुन्या फ्रॉकांत गुंडाळलेली आहे. नियमाप्रमाणे गठ्ठा बाजूला ठेवायचा, म्हणून तिलाही बाजूला ठेवलंय. सासूबाईंच्या खोलीत. दूध पाजायला त्या आणून देतात आणि मी त्यांना म्हणते इथेच बसा, जाऊ नका. त्यांना वाटतं मला गप्पा मारायच्या आहेत.

आता खरं विचारते. सुई आपोआप मोडली की मी मोडली, हे मला आठवत नाही. टोक मी कुठे ठेवलं असेल तर मला कळेल का?

कुणाला सांगू नकोस.

तुझी धाकटी

१८ ऑक्टोबर

प्रिय बुटके,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पण ऐक, आनंदाची बातमी आहे. टोक सापडलं. तुझ्याच पाकिटात, तळाच्या घडीत अडकलं होतं. मी पाकीट झटकलं आणि ते टेबलावर पडलं. कार्डावर चिकटवून परत पाठवतेय, बघ, तिन्ही तुकडे आहेत. सुई पूर्ण झाली. आता गाठोडं सोड, मुलीला आपल्या खोलीत आण आणि शांत झोप.

मी दिवसभर तुझाच विचार करते. दमली आहेस, बाकी काही नाही.

तुझी ताई

२२ ऑक्टोबर

ताई,

हे टोक सोळा नंबरच्या सुईचं आहे.

आठ वर्षं तू माझ्या शेजारी बसलीस आणि तुला वाटलं हे मला कळणार नाही? मी पंधरा दिवस पत्रं पोचवणाऱ्या बाईंशिवाय कुणाशी धड बोललेली नाही, पण सुईचा नंबर माझ्या बोटाला अजून कळतो. पडद्याची सुई मोडून तू मला टोक पाठवलंस. कारखान्यात असं कुणी केलं असतं तर तू स्वतः तिला सुईखोलीत ओढत नेलं असतंस.

इथे सगळेच मला सांगतात की सगळं ठीक आहे. त्यांचं मला काही वाटत नाही, त्यांना ठाऊकच नाही. पण तू खोटं बोलतेस. मग आजवर काय काय खोटं लिहिलंस? ‘माझं बरं आहे’ लिहिलंस तेही असंच का? तू खरं म्हणजे वेडी झाली आहेस आणि मला सांगत नाहीस, असं असेल तर मग दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी जातात. मग मला कुठेच वाट नाही. तू तिकडून गेलीस, मी इकडून.

खरं लिही, नाहीतर लिहू नकोस.

२५ ऑक्टोबर

प्रिय बुटके,

तू पकडलंस ते बरं झालं. मला माझीच लाज वाटते. दुकानातली सुई मी पकडीत धरून मोडली. वाटलं, एका टोकाने तुला झोप लागत असेल तर लागू दे. आपण लहान मुलांचे कपडे शिवणाऱ्या बायका, आपण असं कधीच करायला नको होतं.

आता खरं. एकदाच लिहिते, नीट वाच.

मी खोटं बोलले, पण तुला वाटतं त्या बाजूने नाही. मी रडत नव्हते. संध्याकाळी भरून येतं वगैरे मी बनवून लिहिलं. दवाखान्यातून आल्यावर पहिल्या रात्री मी इतकी गाढ झोपले की सकाळी तुझ्या भाऊजींनी नाकासमोर हात धरून बघितला. दोन दिवस पोट दुखलं. तिसऱ्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं की मी पायऱ्या उतरताना गुणगुणत होते, आणि मला भीती वाटली. वाटलं, सगळे म्हणतात कोसळशील, आणि मी गुणगुणतेय, म्हणजे माझ्यातच काही कमी आहे. मग तुझं पत्र आलं, रडतेस का. तू ठेवायचं ठरवलं होतंस. मी हलकी आहे असं तुला कुठल्या तोंडाने लिहू? म्हणून मी तुझ्यापुरतं दुःख शिवून काढलं. तू त्याच दुःखाचा आधार घेऊन नऊ महिने काढलेस हे परवा जुनी पत्रं काढून वाचली तेव्हा समजलं. त्याबद्दल तू मला हवं ते बोल.

एकदाच रडले. बाकावर. रुमालाकडे बघून.

सगळ्यांना असंच वाटत असेल असं मी म्हणत नाही. दवाखान्यात माझ्या शेजारची बाई हुंदके देत होती, आणि तरी तिला तेच हवं होतं, असं तीच म्हणाली. मी फक्त माझं सांगते. मी ठीक आहे. खरंच.

आणि सगळेजण माझ्यावर नजर ठेवून होते. मावशी, लेक, तुझे भाऊजी, आणि तूही. तुझ्यावर कुणाचीच नजर नव्हती, कारण तुझ्या घरात पाळणा होता. मी तर तुझं रजिस्टर वाचून हसले. ते सुईखोलीचं रजिस्टर नव्हतं, हे मला आता दिसतंय. तू त्या वस्तू कुणापासून वर ठेवत होतीस?

तुला आठवतं, पहिल्या दिवशी बाईंनी आपल्याला काय सांगितलं होतं? सुई मोडली तर मशीन थांबवा आणि हात वर करा. मोडल्याबद्दल कुणाला बोलणी बसत नाहीत. लपवल्याबद्दल बसतात.

हात वर कर, बुटके. मला सांग, बाईंना सांग, कुणालाही, पण आजच सांग. बाईंना मी फोन केलाय. काही बोलले नाही, फक्त म्हटलं की रोज संध्याकाळी तुझ्याकडे जात जा आणि थोडं बसत जा. तू नुसतं ‘ये’ म्हण, मी त्याच दिवशी गाडीत बसेन.

तुझी ताई

२८ ऑक्टोबर

ताई,

फॉर्मसारखं लिहिते, तसंच जमेल.

मशीन : मी.

केव्हा मोडलं : थोरलीच्या वेळीच. सहा वर्षांपूर्वी. तेव्हा तीन महिने असंच होतं. कुणाला सांगितलं नाही. म्हणून मला दुसरं नको होतं. तुला नुसतं ‘झेपणार नाही’ म्हणाले होते.

कसं : तिला हातात घेतलं की माझेच हात तिला काहीतरी करतात असं दिसतं. डोळे उघडे असताना दिसतं. गॅलरी, सुरी, पाणी. मला तसं करायचं नाही. मला ते नको आहे, ताई, ते दिसलं की मी तिला लगेच पाळण्यात ठेवते. म्हणून सगळं वर ठेवलं. म्हणून मी तिच्याजवळ एकटी बसत नाही. दोनदा असंही वाटलं की मीच गेले तर ती सुरक्षित राहील. नाडीच्या गाठी तिच्यासाठी होत्या आणि माझ्यासाठीही.

त्या दिवशी थोरलीला ताप नव्हता. मी तयार होऊन दारापर्यंत आले होते. आईने सांगितलेली ती बाई माझ्या डोळ्यांसमोर आली. जी भीती मला पुरती माहीत होती ती मी कधी कुणाला सांगितलेली नव्हती, त्यामुळे मला तीच खोटी वाटायला लागली. जी आईने सांगितली ती खरी वाटली. मी चप्पल काढून परत आत गेले.

तुकडे : दोन मिळाले. टोक नाही.

हे पत्र पाकिटात घालत नाही. बाई बाहेर बसल्या आहेत, त्यांच्या हातात उघडंच देतेय. वाचू देत.

ये.

६ डिसेंबर

ताई,

तू जाऊन आठ दिवस झाले, पण तुझी उशी अजून माझ्याच पलंगावर आहे. थोरली म्हणते मावशी तिचा वास इथे विसरून गेलीय.

त्या दिवसाचं तुला कधी पूर्ण सांगितलं नाही. तू येईपर्यंत मधले वीस तास होते. बाई पत्र घेऊन जिन्यात गेल्या. मी दाराआडून मोजत होते. एकोणीस पायऱ्या असतात, त्या सातव्या पायरीवर थांबल्या. मला वाटलं आता त्या पोलिसांना बोलावतील, मुलीला घेऊन जातील. त्या परत वर आल्या, चप्पल काढली, माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “तू हात वर केलास ना, आता मशीन बंद आहे. आता तू कशालाही हात लावायचा नाही, मी आहे.” तुला फोन केला आणि रात्रभर बसल्या. सासूबाईंनी विचारलं तेव्हा त्यांनीच सांगितलं, साध्या शब्दांत. सासूबाईंनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, “म्हणून मला बस म्हणायचीस होय.” आणि पाळणा घेऊन आमच्याच खोलीत येऊन झोपल्या.

मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे काल पाचव्यांदा गेले. गोळ्या चालू आहेत. पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं होतं, ही त्या दिवशी बाकावर न बसल्याची शिक्षा आहे का. त्या म्हणाल्या, हा आजार आहे, शिक्षा नाही. तुम्हाला तो आधीही झाला होता, तेव्हाच कुणी विचारायला हवं होतं. मग मी विचारलं, साफ करून घेतलं असतं तर वेडी झाले असते का. त्या म्हणाल्या, तुमच्याबाबतीत नक्की काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही, पण त्याने बायका वेड्या होतात ही भीती तुम्हाला कुणीतरी दिली, ती परत करून टाका. आईला ती परत करायला मला अजून जमलेलं नाही.

ते अजून दिसतं. कमी दिसतं. दिसलं की मी मोठ्याने सांगते, “आत्ता दिसलं,” आणि हे किंवा सासूबाई नुसतं “बरं” म्हणतात. यांनी नाडीची एक गाठ सोडली. सहा अजून आहेत, घाई नाही.

मुलीवर माया आली का म्हणून तू जाताना विचारलंस. खोटं लिहिणार नाही, आता आपलं ठरलंय. मला अजून कळत नाही. ती नको होती हे खरं आहे आणि ती झोपेत ओठ चोखते तेव्हा मी बघत बसते हेही खरं आहे.

आता कार्डाचं. काल बाई कारखान्यातून सुई असली की वाजणारं तपासणीचं हातातलं यंत्र घेऊन आल्या, साहेबांची रीतसर परवानगी काढून. दाराबाहेरचं गाठोडं सोडलं. एकेक दुपटं पसरलं, यंत्र फिरवलं. वाजलं नाही. गादी, पाळणा, झबली. वाजलं नाही. मग मुलीवरून फिरवलं, अगदी सावकाश, डोक्यापासून पायापर्यंत. तिला वाटलं खेळणं आहे. वाजलं नाही.

मी म्हटलं, आता माझ्यावरून.

बाई म्हणाल्या कशाला. मी म्हटलं फिरवा. मानेपाशी आलं आणि ते वाजलं, ताई. जवळजवळ दोन महिने मला हीच भीती होती, की टोक माझ्यातच आहे. बाईंनी यंत्र खाली ठेवलं, माझ्या केसांतले आकडे एकेक करून काढले, पाच होते, पाचही माझ्या हातात मोजून दिले. पुन्हा फिरवलं. काही वाजलं नाही. खालपर्यंत काही वाजलं नाही.

तुझं सोळा नंबरचं टोक त्यांनी कार्डावरून खरवडून काढलं. म्हणाल्या, तुझ्या ताईला सांग, पुन्हा असं केलंस तर तुला पडद्यात गुंडाळीन. मग रिकाम्या जागेपुढे लिहिलं : “टोक मिळालं नाही. माल तपासला. सोडायला हरकत नाही.” खाली सही केली. दुसऱ्या सहीची जागा माझी होती, ती मी केली.

मग केस मोकळेच ठेवून मी मुलीला घेतलं. बाई दारात उभ्या होत्या, पण त्यांची पाठ माझ्याकडे होती.

तुझी बुटकी